आजीचे जुने लाकडी कपाट दीड हजार रुपयांत घरच्या घरी कसे रंगवावे?

मांडवीकर (रत्नागिरी) यांचा प्रश्न:

सर्वांना नमस्कार. गेल्या महिन्यात गावच्या घराची वाटणी झाली आणि आजीचे लाकडी कपाट माझ्या वाट्याला आले. सहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल असे हे दोन दारांचे कपाट असून त्याच्या कड्या आणि बिजागऱ्या पितळी आहेत. लहानपणापासून मी ते हिरव्या रंगातच पाहिले आहे. दर काही वर्षांनी दिवाळीच्या आधी त्यावर ऑइल पेंटचा नवा हात दिला जात असे, त्यामुळे रंगाचा थर आता इतका जाड झाला आहे की दारांवर कोरलेले कमळ नुसता उंचवटा वाटते. दारांच्या कडांना आणि तळाच्या फळीजवळ पापुद्रे सुटले आहेत. मागच्या डाव्या पायाचे टोक ओलीने मऊ झाले आहे. नखाने दाबले तरी खड्डा पडतो.

याशिवाय पाच वर्षांच्या मुलीसाठी घेतलेले, आधी कोणीतरी वापरलेले अभ्यासाचे टेबल आहे. ते प्लायवूडचे असून त्याच्या वरच्या भागाला सनमायका आहे, तर पायांवरचा तपकिरी रंग जागोजागी खरवडला गेला आहे.

येथील एका रंगाऱ्याने दोन्हींच्या मजुरीचे साडेचार हजार रुपये सांगितले. चार दिवसांच्या कामाला ही मजुरी जास्त आहे असे मी म्हणणार नाही, परंतु मुलीच्या शाळेचा खर्च भागवल्यावर आमच्याकडे या कामासाठी सर्व मिळून दीड हजार रुपयेच उरतात. म्हणून हे काम मी आणि माझे पती सुट्टीच्या दिवशी मागच्या पडवीत करणार आहोत. जुना रंग पूर्णपणे काढावाच लागतो का? प्रायमर (रंगाच्या आधी द्यायचा पायाचा थर) टाळून पैसे वाचवले तर चालेल का? ऑइल पेंट घ्यावा की पाण्यात मिसळणारा एनॅमल? मे महिन्याचा पहिला आठवडा संपत आला आहे आणि मृगाच्या सरी येण्यापूर्वी कपाट घरात घ्यायचे आहे, म्हणून थोडी घाई आहे.

रंधा (सावंतवाडी):

मांडवीकर ताई, आमच्या घरी तीन पिढ्या सुतारकाम आहे, त्या अनुभवावर लिहितो. रंगाच्या दुकानात जाण्यापूर्वी लाकूड कोणते आहे ते पाहावे. कपाटाच्या पाठीची फळी किंवा आतील कप्प्यांची खालची बाजू बहुधा रंगवलेली नसते. तेथे एका कोपऱ्यात पॉलिश पेपर (घासण्याचा खरखरीत कागद) चार वेळा फिरवावा. सागवान असेल तर सोनेरी तपकिरी रंग दिसेल, हाताला किंचित तेलकट लागेल आणि ताज्या घासलेल्या जागेला चामड्यासारखा वास येईल. फणस असेल तर आतून पिवळा निघेल. आपल्या कोकणात जुन्या घरांतून फणसाच्या लाकडाचे सामान पुष्कळ असते. आंबा असेल तर लाकूड फिकट आणि मऊ असते, त्याला कीड लवकर लागते आणि त्यावर रंगच शोभतो.

सागवान किंवा शिसव निघाले तर माझी एक विनंती आहे. सगळे कपाट रंगवले तरी हरकत नाही, पण दारांवरच्या कमळावर आता नवा थर चढवू नये. तो भाग पुढे कधीतरी मोकळा करून त्याला चपडा लाखेचे, म्हणजे लाखेच्या पातळ पापुद्र्यांचे, पॉलिश करता येईल. संपूर्ण कपाट पॉलिश करण्यासाठी दीड हजार रुपये अजिबात पुरणार नाहीत; पण दोन कमळे मोकळी करणे हे लहान काम आहे आणि ते थांबू शकते.

चपडा लाख थोडी आत्ताच आणून ठेवावी. पाव लिटर स्पिरिटात चाळीस ग्रॅम चपडा टाकून रात्रभर ठेवला की तो विरघळतो. जुना रंग निघून जिथे लाकूड उघडे पडेल, विशेषतः जिथे गाठी दिसतील, तिथे याचा पातळ हात द्यावा. गाठीतला चीक मग वरच्या रंगातून पिवळा होऊन बाहेर येत नाही. स्पिरिट चटकन पेट घेते, म्हणून हे काम करताना जवळपास शेगडी, उदबत्ती किंवा निरांजन पेटलेले नसावे.

जुनी खुर्ची (नाशिक):

रंधा यांनी लाकडाविषयी लिहिले आहेच, मी रंगाविषयी आणि खर्चाविषयी लिहिते. गेल्या आठ वर्षांत मी घरातील जवळजवळ सर्व सामान स्वतः रंगवले आहे आणि पहिल्या दोन वेळा ते सर्व पुन्हा खरवडावे लागले, कारण मी तयारीत कसूर केली होती.

सर्वांत आधी मुलीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट सांगते. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दर दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम २०१६ साली झाला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आपल्या कपाटावरचे बहुतेक थर त्याच्या कितीतरी आधीचे असणार, म्हणजे त्यांत शिसे आहे असे धरूनच चालावे. शिशाची धूळ लहान मुलांच्या वाढीला आणि बुद्धीला अपाय करते. म्हणून जुना रंग कोरडा घासायचा नाही आणि तो गरम करूनही काढायचा नाही. वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात चालणारा घासण्याचा कागद, भिजवून ओल्यानेच घासावे, खाली जुने प्लास्टिक पसरावे, तोंडावर चांगला मास्क लावावा, निघालेला गाळ फडक्याने टिपून पिशवीत बांधावा आणि पडवी झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी. त्या दिवशी मुलीला शेजारी किंवा आजोळी ठेवता आले तर उत्तम. काम झाल्यावर अंगावरचे कपडे वेगळे धुवावेत.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. जुना रंग पूर्ण काढावा लागत नाही आणि शिशाचा विचार करता तो पूर्ण काढूही नये. जो थर लाकडाला घट्ट धरून आहे तो आपला पायाच आहे. घट्ट आहे की नाही हे पाहण्यासाठी दाराच्या मध्यभागी ब्लेडने जाळीसारख्या चार-पाच बारीक रेघा आडव्या आणि तितक्याच उभ्या ओढाव्यात, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवावी आणि एका झटक्यात ओढावी. पट्टीवर एखाददुसरा कण आला तर थर चांगला आहे. चौकटीच्या चौकटी उचलून आल्या तर तेवढ्या भागातला रंग काढणे भाग आहे. कडांचे सुटलेले पापुद्रे पट्टीने अलगद काढून घट्ट थराची धार ओल्या पेपरने इतकी घासावी की डोळे मिटून बोट फिरवले तर पायरी लागू नये. ही पायरी नव्या रंगाखाली लपत नाही, उलट चकाकी आली की ती अधिकच दिसते.

घासण्यापूर्वी कपाट धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून काढावे. कड्यांच्या भोवती वर्षानुवर्षांच्या हातांचे तेल बसलेले असते आणि तेलावर कोणताच रंग धरत नाही. हे पाणी उघड्या सागवानी लाकडाला मात्र लावू नये, ते काळवंडते. नंतर दोनदा स्वच्छ पाण्याने पुसून कपाट दोन दिवस उन्हात वाळू द्यावे. घासण्यासाठी आधी १२० नंबरचा पेपर, मग १८० आणि प्रायमरवर २२० किंवा ३२० नंबर पुरेसा आहे.

प्रायमर टाळू नये. पैसे वाचवायचे असतील तर ते इतर ठिकाणी वाचतात. आपल्या कपाटाचा हिशोब करून पाहू. समोरची बाजू अठरा चौरस फूट, दोन्ही कुशी मिळून अठरा आणि माथा साडेचार, म्हणजे सर्व मिळून सुमारे चाळीस चौरस फूट, अर्थात पावणेचार चौरस मीटर. एक लिटर रंग एका हाताला साधारण दहा ते बारा चौरस मीटर पुरतो. दोन हातांसाठी आपल्याला पाऊण लिटरच्या आसपास रंग लागेल आणि प्रायमर अर्धा लिटर पुरून उरेल. दुकानदार बहुतेक वेळा दोन लिटर घ्यायला सांगतात, तेव्हा हा हिशोब सोबत न्यावा. छटा मशीनवर बनवून देणाऱ्या दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाने परत केलेल्या छटेचा डबा आहे का, हेही विचारावे. माझ्या घरातले पुस्तकांचे कपाट अशाच निम्म्या किमतीच्या राखाडी डब्यातून झाले आहे.

कपाट आतून रंगवू नये. ऑइल पेंटचा वास बंद जागेत महिनोन्महिने राहतो आणि कपड्यांना लागतो. शिवाय पांढरा ऑइल पेंट अंधारात पिवळा पडतो. आतून नुसते पुसून ऊन दाखवावे. बाहेरून ऑइल पेंट आणि मुलीच्या टेबलाच्या पायांना पाण्यात मिसळणारा एनॅमल, अशी विभागणी मी सुचवीन. दुसऱ्याला वास फार कमी असतो आणि तो लवकर वाळतो, पण कपाटाएवढ्या मोठ्या पृष्ठभागावर नवख्या हाताने ब्रशच्या खुणा न ठेवता तो फिरवणे कठीण जाते. ऑइल पेंट सावकाश वाळतो, त्यामुळे खुणा आपोआप बसायला वेळ मिळतो.

ब्रश मात्र स्वस्तातला घेऊ नये. केस गळणारा ब्रश म्हणजे प्रत्येक फळीवर चिमटा घेऊन बसणे आले. दोन हातांच्या मधल्या काळात ब्रश टर्पेंटाइनने धुण्याची गरज नसते. तो प्लास्टिकच्या पिशवीत हवा न जाईल असा गुंडाळून ठेवला तर दुसऱ्या दिवशी तसाच चालतो. वापरलेले टर्पेंटाइन बरणीत झाकून ठेवावे. दोन दिवसांत रंग तळाशी बसतो आणि वरचे नितळ टर्पेंटाइन पुन्हा कामाला येते.

फोंडेकर:

टेबलासाठी आणखी स्वस्त उपाय आहे. भिंतीला दिलेल्या इमल्शनचा उरलेला डबा बहुतेकांच्या घरी असतोच. तीन वाट्या इमल्शनमध्ये एक वाटी खडूची पूड थोड्या पाण्यात कालवून घातली की दाट, मंद छटेचा रंग तयार होतो. तो जवळजवळ कशावरही धरतो आणि तासाभरात वाळतो. आम्ही या पद्धतीने दोन स्टुले आणि एक आरशाची चौकट रंगवली, त्यासाठी फक्त खडूच्या पुडीचे पैसे पडले. वरून मेण किंवा पारदर्शक व्हार्निश द्यावे लागते, नाहीतर हाताचे डाग बसतात.

जुनी खुर्ची:

फोंडेकर, आपली पद्धत आरशाच्या चौकटीला शोभते, परंतु अभ्यासाच्या टेबलावर मूल रोज हात घासते, पाणी सांडते, पेन्सिलीने गिरवते. भिंतीचा रंग त्यासाठी बनवलेला नसतो. त्यातही रत्नागिरीच्या पावसाळ्यात खडूचा थर दमटपणा धरून ठेवील अशी मला काळजी वाटते. पायांना ही पद्धत वापरून वर व्हार्निश दिले तर कदाचित टिकेल. टेबलाच्या वरच्या सनमायकाला मात्र मी हात लावणार नाही. सनमायका चांगला असेल तर तो कोणत्याही रंगापेक्षा जास्त टिकतो. तो साबणाने धुवावा, तेवढेच पुरे. टेबलाच्या उघड्या कडांना लांबी (पुट्टी) भरून घासून घ्यावे, कारण प्लायवूडमध्ये पाणी शिरते ते कडांमधूनच.

मांडवीकर:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पाठीची फळी घासून पाहिली. लाकूड आतून पिवळे आहे, म्हणजे फणस. सासूबाईंना सांगितले तेव्हा त्यांनी लगेच विचारले की परसातला मोठा फणस कापला होता त्याचेच हे कपाट आहे का. ते कोणालाच ठाऊक नाही, पण तेव्हापासून घरात सर्वजण त्याला फणसाचे कपाट म्हणू लागले आहेत.

चिकटपट्टीची चाचणी तीन ठिकाणी केली. दारांवर थर घट्ट आहे, मात्र तळापासून वीतभर उंचीपर्यंत सगळाच रंग उचलून आला. तिथे हिरव्याखाली निळा, त्याखाली मळकट पिवळा आणि सर्वांत आत काळपट तपकिरी असे थर एकामागून एक दिसले. तेवढा पट्टा ओल्या पेपरने काढत आहोत. मुलगी चार दिवस आजोळी आहे.

अडचण पायाची आहे. टोकाकडून साधारण दोन बोटे लाकूड भुसभुशीत झाले आहे. तिथे लांबी भरली तर चालेल का?

रंधा:

लांबी भरू नये. मऊ लाकडावर लांबी भरली तर कपाटाच्या वजनाने ती पहिल्या महिन्यातच निखळेल आणि आतली ओल तशीच राहील. आधी पायावर मातीच्या बारीक नळ्या दिसतात का आणि ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का ते पाहावे. तसे असेल तर ती वाळवी आहे आणि तिचा बंदोबस्त करण्यापूर्वी कपाट घरात घेऊ नये. नुसती ओल असेल तर कपाट आडवे करून, कडक लाकूड लागेपर्यंत पाय सरळ कापावा आणि तेवढ्याच जाडीचा जुन्या लाकडाचा ठोकळा पाण्याला टिकणाऱ्या डिंकाने आणि एका लांब स्क्रूने बसवावा. कोणत्याही वखारीत किंवा सुताराच्या कामाच्या जागी असा तुकडा मागितला तर मिळतो, त्याचे कोणी पैसे घेत नाही.

यानंतरची गोष्ट बहुतेक जण विसरतात. चारही पायांचे तळवे, म्हणजे लाकडाची तोंडे, प्रायमरने न्हाऊ घालावीत. लाकूड पाणी पिते ते तोंडाने. ब्रशने एकदा लावले की पाच मिनिटांत ते आत जिरलेले दिसेल, तेव्हा पुन्हा लावावे, असे तीनदा करावे. नंतर प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा ठेवावा आणि पावसाळ्यात कपाट भिंतीपासून किमान तीन बोटे दूर ठेवावे.

पितळी कड्या आणि बिजागऱ्या स्क्रू काढून वेगळ्या कराव्यात. त्यांच्यावरूनच रंग फिरवण्याची घाई अनेक जण करतात आणि मग दार लागत नाही. पितळ आमसुलाच्या पाण्याने घासले की उजळते, हे आपल्याला मी सांगायला नकोच.

मांडवीकर:

काम पूर्ण झाले म्हणून कळवते. वाळवी नव्हती. पाय रंधा यांनी सांगितल्याप्रमाणे कापून जोडला. ठोकळा शेजारच्या सुतारकाकांनी दिला आणि स्वतःच बसवून दिला.

खर्चाचा तपशील कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिते. पेपरचे बारा ताव २४० रुपये, अर्धा लिटर प्रायमर १६०, एक लिटर ऑइल पेंट ३४५, टेबलासाठी दोनशे मिलीलिटर एनॅमल ११०, दोन ब्रश १३०, अर्धा लिटर टर्पेंटाइन ९५, लांबी ९०, मास्क आणि हातमोजे १२०, चपडा आणि स्पिरिट ११०. एकूण १,४०० रुपये झाले. पेंट आणखी घ्यावा लागला नाही, डब्यात तळाशी चार बोटे उरला आहे.

सात दिवसांपैकी साडेचार दिवस धुणे, घासणे आणि वाळवणे यांतच गेले. रंगाचे दोन हात मात्र एकेका सकाळी झाले. पहिला हात आम्ही फार जाड दिला होता, त्यामुळे डाव्या दारावर तीन ओघळ आले. ते वाळल्यावर ३२० नंबरने घासून काढले. डब्यातल्या रंगावर साय धरली होती, म्हणून दुसऱ्या वेळी तो जुन्या मलमलच्या ओढणीतून गाळून घेतला, तेव्हा कुठे फळी आरशासारखी आली. एक चूक पुढच्यांनी टाळावी. रंग हाताला कोरडा लागला म्हणून दुसऱ्या हातानंतर चौथ्या दिवशी आम्ही दारे बंद केली आणि सकाळी ती एकमेकांना चिकटलेली होती. उघडताना मधल्या कडेचा नखाएवढा टवका गेला. आता दोन्ही दारांमध्ये बटर पेपरची पट्टी ठेवली आहे आणि ती आणखी आठवडाभर काढणार नाही.

दोन्ही कमळे तशीच हिरवी ठेवली आहेत. बाकीचे कपाट फिकट दुधाळ रंगाचे झाले आहे आणि त्यावर ती हिरवी कमळे इतकी चांगली दिसतात की ती मोकळी करावीत की नाही, यावर घरात दोन मते झाली आहेत. मुलीला ती हिरवीच हवी आहेत. मोकळी करायची ठरली तर आत्ता उरलेल्या शंभर रुपयांत काही करता येईल का?

रंधा:

आत्ता करू नये. पावसाळी हवेत चपड्याचे पॉलिश ओल धरते आणि पांढुरके पडते. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की करावे. तोपर्यंत चपड्याची बाटली घट्ट बुचाची ठेवावी, पण विरघळलेला चपडा सहा महिन्यांहून जुना झाला तर नीट वाळत नाही, म्हणून त्या वेळी थोडा ताजा बनवावा. कमळाच्या खाचांतला रंग काढताना लोखंडी पट्टी वापरू नये. जुन्या रंगावर रंग काढण्याचे जेल लावून, तो सुरकुतला की बांबूच्या कामटीला चपटे टोक करून त्याने उकरावा. ते जेल उग्र असते, म्हणून उघड्या अंगणात आणि हातमोजे घालूनच वापरावे. कामटी लोखंडापेक्षा मऊ असल्याने पाकळ्यांच्या कडा शाबूत राहतात. शिशाची काळजी तेव्हाही तशीच घ्यावी. मुलीला ती हिरवीच हवी असतील, तर सैल झालेला एखादा पापुद्रा तेवढा बसवून त्यावर पारदर्शक व्हार्निशचा एक हात द्यावा, म्हणजे जुना रंग तिच्या हाताला लागणार नाही. तेवढे काम शंभर रुपयांत होईल.